वृषपर्व्याचा तारा, देवयानीचं अंतर

कार्तिक महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की ययातीच्या गोष्टीतलं अख्खं कुटुंब समोर दिसतं. ध्रुवाच्या वर, आकाशात चांगली उंच चढलेली, इंग्रजी एम अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा. तिच्या डाव्या हाताला, पश्चिमेकडे कललेला तिचा पिता, असुरांचा राजा वृषपर्वा. त्याचे पाच तारे जोडले तर तिरका पंचकोन होतो. उजवीकडून ययाती वर येत असतो आणि माथ्याच्या जरा उत्तरेला देवयानीच्या ताऱ्यांची ओळ पसरलेली असते. मराठी तारकाचित्रांत हे चौघे एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि योगायोग असा की माणसाने विश्वाचं माप घेतलं त्यातले महत्त्वाचे टप्पेही याच चार मंडळांत पार पडले. ययातीतल्या एका ताऱ्याने ताऱ्यांचं वजन करायची वाट दाखवली. वृषपर्व्यातल्या एका मंद ताऱ्याच्या जातीने अंतर मोजायची पट्टी हातात दिली. त्या पट्टीने देवयानीतल्या एका धूसर ठिपक्याचं अंतर मोजलं गेलं, आणि आपली आकाशगंगा म्हणजेच सारं विश्व ही समजूत संपली. शर्मिष्ठेत १५७२ साली ज्या जातीचा तारा फुटला, त्याच जातीच्या ताऱ्यांनी विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे दाखवलं.

या सगळ्या ताऱ्यांचा प्रकाश बदलतो. अशा ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात.

ज्याचा प्रकाश बदलत नाही असा तारा स्वतःबद्दल फार थोडं सांगतो. तो कोणत्या दिशेला आहे ते कळतं. रंगावरून त्याच्या पृष्ठभागाचं तापमान समजतं, वर्णपट घेतला तर त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत तेही समजतं. पण समोरचा ठिपका हा जवळचा मिणमिणता तारा आहे की फार दूरचा प्रखर तारा, हे नुसतं पाहून ठरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचे तारे किंचित सरकल्यासारखे दिसतात आणि त्यावरून अंतर काढता येतं; मात्र हा पराशय इतका सूक्ष्म असतो की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंभरेक प्रकाशवर्षांपलीकडे ती पद्धत भरवशाची राहत नसे. तिथून पुढची वाट रूपविकारी ताऱ्यांनी दाखवली. विश्वाच्या विस्ताराबद्दल आज आपण जे खात्रीने बोलतो त्यात या ताऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, असं मला वाटतं.

त्यांची पहिली ठळक नोंद मात्र या चार मंडळांबाहेरची, तिमिंगलातली. १५९६ च्या ऑगस्टमध्ये उत्तर जर्मनीतल्या डाव्हिड फाब्रिसियस या पाद्र्याला तिथे एक तारा दिसला आणि काही आठवड्यांत तो नाहीसा झाला. १६०९ मध्ये तोच तारा त्याच जागी त्याला पुन्हा दिसला. १६३८ मध्ये योहानेस होल्वार्डा या डच अभ्यासकाने त्याच्यावर पाळत ठेवून दाखवून दिलं की तो साधारण अकरा महिन्यांच्या अंतराने उजळतो आणि मावळतो. त्याला पुढे मीरा हे नाव पडलं. ताऱ्यांचं आकाश कायमचं आणि अविकारी असतं, ही अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली शिकवण तेव्हा युरोपात अजून शिकवली जात होती. मीरा हा तिच्याविरुद्धचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता, आणि तो दर वर्षी पुन्हा तपासून घेता येत होता.

ययातीतल्या ताऱ्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. त्याचं नाव अल्गोल. मराठी पुस्तकांत त्याला मायावती असंही म्हटलेलं आढळतं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा मुलगा राहत होता. बाळपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली होती. शेजारी एडवर्ड पिगट राहायचे, तेही आकाशाचे अभ्यासक, आणि दोघांनी मिळून बदलत्या ताऱ्यांचा पाठपुरावा सुरू केला. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री, अठराव्या वर्षी, गुडरिकला अल्गोल नेहमीपेक्षा फारच मंद दिसला. त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मग हिवाळाभर जमेल त्या रात्री तो पाहत राहिला आणि वसंतापर्यंत त्याने हिशोब बसवला: दर २ दिवस, २० तास आणि सुमारे ४९ मिनिटांनी अल्गोल मंदावतो. मंदावण्याला आणि पुन्हा उजळायला मिळून दहाएक तास लागतात, आणि ऐन मंद अवस्थेत त्याचा प्रकाश नेहमीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. हे कशाने होत असावं याची दोन उत्तरं त्याने सुचवली. एक तर ताऱ्याभोवती फिरणारं एखादं मोठं काळं पिंड मध्ये येत असावं, किंवा ताऱ्याच्या अंगावर डाग असून तो स्वतःभोवती फिरताना ती बाजू आपल्याकडे येत असावी. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं.

पहिलं उत्तर बरोबर होतं, पण ते सिद्ध व्हायला शंभर वर्षं लागली. १८८९ मध्ये पॉट्सडॅम इथे हेर्मान फोगेल यांनी अल्गोलचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा एकदा तांबड्याकडे आणि एकदा निळ्याकडे सरकत होत्या. म्हणजे तारा आपल्यापासून दूर जात होता आणि मग जवळ येत होता. आपल्याला न दिसणाऱ्या जोडीदारासोबत तो एका सामाईक केंद्राभोवती फिरत होता. इथून खगोलशास्त्राला मोठी गोष्ट मिळाली. ग्रहण किती वेळ चालतं यावरून दोन्ही ताऱ्यांचे आकार काढता येतात, रेषा किती सरकतात यावरून फिरण्याचा वेग कळतो, आणि वेग व काळ कळला की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वजन निघतं. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांची वजनं आपल्याला कळतात ती मुख्यतः अशा जोड्यांमुळेच.

अल्गोलने एक कोडंही घातलं. जोडीतला तेजस्वी तारा सूर्याच्या तिप्पटीहून थोडा जड आहे, तर मंद तारा सूर्यापेक्षाही हलका. जड तारे इंधन भराभर संपवतात आणि लवकर म्हातारे होतात, असं ताऱ्यांच्या उत्क्रांतीचं गणित सांगतं. इथे मात्र हलका ताराच फुगून म्हातारा झालेला आणि जड तारा अजून तारुण्यात. दोघांचा जन्म एकत्रच झालेला असणार, मग हे कसं? उत्तर असं की आज हलका असलेला तारा एके काळी दोघांत जड होता. तो फुगला तेव्हा त्याच्या बाहेरच्या थरांतला वायू ओघळून जोडीदाराकडे गेला आणि वजनांची अदलाबदल झाली. तारे एकमेकांचं द्रव्य घेतात ही कल्पना खगोलशास्त्रात रुजली ती या कोड्यामुळे.

१७८४ च्या शरदात या दोघा शेजाऱ्यांनी आणखी शोध लावले. पिगट यांना गरुड मंडळातला ईटा बदलताना आढळला आणि गुडरिकला वृषपर्व्यातला डेल्टा. वृषपर्व्याचा हा तारा दिसायला साधा आहे. तो ५ दिवस आणि पावणेनऊ तासांत एक फेरा पूर्ण करतो. दीडएक दिवसात उजळतो आणि उरलेल्या जवळजवळ चार दिवसांत हळूहळू मंदावतो. गुडरिकच्या हाती फार काळ नव्हता. एप्रिल १७८६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य म्हणून निवडलं आणि त्याच महिन्यात, एकविसाव्या वर्षी, तो वारला. आपण टिपलेल्या या दुसऱ्या ताऱ्याचं मोल अल्गोलपेक्षा कितीतरी मोठं ठरणार आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

ताऱ्याचा प्रकाश किती बदलला हे आकड्यांत सांगण्याची रीत ज्यांनी पक्की केली, त्यांच्या आयुष्याची शेवटची तीस वर्षं आपल्या देशात गेली. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती प्राचीन ग्रीकांनी पाडल्या होत्या. पहिल्या प्रतीचे सर्वांत तेजस्वी, सहाव्या प्रतीचे सर्वांत मंद. नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर शंभरपटींचा फरक धरावा. आजही जगभर हेच माप चालतं. १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॉगसन मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातल्या जालक मंडळात एक नवा रूपविकारी तारा शोधला. आधुनिक काळात भारतीय माणसाच्या नावावर असलेल्या पहिल्या खगोलशोधांपैकी तो एक आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी.

आता डेल्टाकडे. त्याचा प्रकाश झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. ग्रहणाने असं होत नाही, ग्रहणात उतरण आणि चढण सारखी असते. तरीही बरीच वर्षं त्याला जोडताराच समजलं जात होतं. १९१४ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी मांडलं की इथे दुसरा तारा नाहीच, हा एकच तारा फुगतो आणि आकसतो. आर्थर एडिंग्टन यांनी त्याचं गणित केलं. एक अडचण मात्र राहिली: असं स्पंदन घर्षणाने काही हजार वर्षांत थांबायला हवं, मग ते चालू कशाने राहतं? उत्तर हेलियमच्या एका थरात सापडलं, आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी सोव्हिएत शास्त्रज्ञ झेवाकिन यांच्या १९५० च्या दशकातल्या कामाला जातं. ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली, जिथे तापमान चाळीस हजार अंशांच्या घरात आहे, तिथला हेलियम दाबला गेला की त्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो थर प्रकाशाला अडवू लागतो. खालून येणारी ऊर्जा तिथे कोंडते, दाब वाढतो आणि बाहेरचे थर वर ढकलले जातात. वर जाताना ते विरळ व थंड होतात, हेलियम पुन्हा पारदर्शक होतो, कोंडलेली ऊर्जा निसटते आणि थर खाली बसतात. उकळत्या पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललं जातं, वाफ निघून गेली की टेकतं, आणि पुन्हा उचललं जातं. इथे सूर्याच्या चाळीसपटींहून मोठ्या ताऱ्याचं अंग त्याच तऱ्हेने हलत असतं.

मोठा, विरळ तारा सावकाश स्पंदतो. लहान, दाट तारा भराभर. आणि मोठा तारा अर्थातच जास्त प्रकाश टाकतो. म्हणजे स्पंदनाचा काळ आणि ताऱ्याचं खरं तेज यांचा संबंध असायलाच हवा. हे भौतिकशास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी एका स्त्रीने तो संबंध काचेच्या तबकड्यांवरून शोधून काढला होता.

हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्डच्या वेधशाळेत काम करत. ताशी तीस सेंट हा त्यांचा मोबदला. दुर्बिणीला डोळा लावण्याचं काम पुरुषांचं. छायाचित्रांच्या तबकड्या तपासणं, मोजणं, नोंदवह्या भरणं हे स्त्रियांकडे. लेव्हिट यांनाही ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं होतं. त्यांच्यासमोर येणाऱ्या तबकड्या दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, आरेकिपा इथल्या हार्वर्डच्या ठाण्यावर काढलेल्या असत. बदलणारे तारे हुडकायला त्या एका तारखेच्या उलट्या प्रतिमेवर दुसऱ्या तारखेची सुलट प्रतिमा ठेवत. जे तारे तसेच राहिले ते एकमेकांना झाकून टाकत. ज्याचा प्रकाश बदलला तो उठून दिसे. अशा रीतीने त्यांनी दक्षिण आकाशात दिसणाऱ्या मॅगेलनच्या दोन तारामेघांत मिळून १७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये त्यांची यादी छापली. त्या लेखातच, अगदी जाता जाता, त्यांनी नोंदवलं होतं की जे तारे जास्त तेजस्वी त्यांचे फेरे जास्त लांब दिसतात.

१९१२ मध्ये लघु मॅगेलन मेघातले २५ तारे घेऊन त्यांनी हा संबंध आलेखावर मांडला. सव्वा दिवसात फेरा संपवणाऱ्या ताऱ्यापासून १२७ दिवस घेणाऱ्या ताऱ्यापर्यंत सगळे एका सरळ रेषेत बसले. पत्रकावर नाव वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांचं होतं; मजकूर लेव्हिट यांनी तयार केला आहे एवढी नोंद पहिल्या वाक्यात केलेली होती.

या शोधात सर्वांत सुंदर आहे ती ताऱ्यांची निवड. आकाशात इकडेतिकडे विखुरलेले तारे घेतले असते तर हा संबंध दिसलाच नसता, कारण कोणता जवळ आणि कोणता दूर हे माहीत नव्हतं. लघु मॅगेलन मेघ आपल्यापासून सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं लांब आहे. त्यातले सगळे तारे आपल्या दृष्टीने जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने त्यांतला जो जास्त तेजस्वी दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी. मेघाचं अंतर ठाऊक नसतानाही लेव्हिट यांचा युक्तिवाद पक्का होता. पुण्या-मुंबईच्या आकाशात हा मेघ क्षितिजावर येतच नाही; आपल्याला तो पाहायला खूप दक्षिणेला जावं लागतं.

मग उरलं ते एवढंच: याच जातीच्या, वृषपर्व्याच्या (इंग्रजीत सेफियसच्या) डेल्टावरून सेफीड हे नाव पडलेल्या, काही जवळच्या ताऱ्यांची अंतरं काढून पट्टीवर खुणा करायच्या. डेन्मार्कच्या एनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९१३ मध्ये ती सुरुवात केली. एकदा खुणा झाल्या की पुढचं सोपं. दूरचा सेफीड शोधा, त्याचा काळ मोजा, काळावरून खरं तेज काढा, आणि तो किती मंद दिसतो ते पाहा. दुप्पट अंतरावर प्रकाश चौथाई होतो, तिप्पट अंतरावर नवव्या भागाइतका. या हिशोबाने अंतर हाती येतं.

याच हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. अढळपद मिळालेला आपला ध्रुव हाही सेफीड आहे. जवळपास चार दिवसांत त्याचा एक फेरा होतो. बदल इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सर्व सेफीडांत तो आपल्याला सर्वांत जवळचा, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवरचा, आणि त्याचा काळ विसाव्या शतकात दर वर्षी चार-साडेचार सेकंदांनी वाढत गेल्याचं आढळलं. तारा म्हातारा होत जाताना फुगतो आणि स्पंदन मंदावतं, ते इथे घड्याळ लावून मोजता येतं. तारे लाखो वर्षांत बदलतात असं आपण म्हणतो, पण हा बदल माणसाच्या हयातीत पकडता येतो, आणि ध्रुवाबाबत मला सर्वांत नवलाचं वाटतं ते हेच.

शॅप्लींनी ही पट्टी गोलाकार तारकागुच्छांना लावली आणि सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नसून बराच कडेला आहे हे दाखवून दिलं. पण देवयानीतल्या धूसर ठिपक्यासारखे सर्पिलाकार मेघ आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, यावर त्यांचं मत चुकीच्या बाजूला पडलं. १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि हीबर कर्टिस यांची या विषयावर जाहीर चर्चा झाली. निकाल लागला नाही, कारण अंतर कोणालाच मोजता येत नव्हतं.

ते मोजलं गेलं १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर शंभर इंची आरशाची दुर्बीण होती. तिने ५ ऑक्टोबरच्या रात्री एडविन हबल यांनी देवयानीच्या मेघाचं छायाचित्र घेतलं. त्यात तीन नवे ठिपके दिसले, नवतारे समजून त्यांनी प्रत्येकाशेजारी एन अक्षर लिहिलं. जुन्या तबकड्या काढून ताडून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातला एक ठिपका आधीही होता, कधी ठळक, कधी पुसट. हबल यांनी एन खोडला आणि तिथे ‘व्हेरिएबल’ या शब्दाची पहिली तीन अक्षरं उद्गारचिन्हासह लिहिली. ती काचेची तबकडी आजही जपून ठेवलेली आहे. त्या ताऱ्याचा काळ ३१ दिवसांहून थोडा जास्त निघाला; म्हणजे तारा खरा अतिशय तेजस्वी. दिसत होता मात्र उघड्या डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा लाखपट मंद. हिशोबाने अंतर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या कोणत्याही कल्पनेत ते मावणारं नव्हतं. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनच्या अधिवेशनात हबल यांचा निबंध वाचला गेला, आणि देवयानीतला तो ठिपका आपल्यासारखीच एक स्वतंत्र दीर्घिका ठरला. त्याच वर्षी स्वीडनच्या मिटॅग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी शिफारस करावी या विचाराने लेव्हिट यांना पत्र लिहिलं. लेव्हिट यांना जाऊन तीन वर्षं झाली होती हे मिटॅग-लेफ्लर यांना ठाऊक नव्हतं.

पट्टीत एक मोठी चूक होती आणि ती कळायला आणखी पाव शतक गेलं. हबल यांच्या अंतरांवरून आणि दीर्घिका दूर जाण्याच्या वेगांवरून विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास येत होतं, तर भूशास्त्रज्ञ पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याचं सांगत होते. विश्वापेक्षा पृथ्वी थोरली कशी असेल? दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे हल्ल्याच्या भीतीने झाकले गेले, माउंट विल्सनचं आकाश काळंभोर झालं, आणि जर्मन नागरिक असल्यामुळे युद्धाच्या कामातून वगळलेल्या वाल्टर बाडे यांना ती मोठी दुर्बीण भरपूर मिळाली. देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून पाहिल्यावर त्यांना कळलं की ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात, नव्या आणि जुन्या, आणि सेफीडही दोन जातींचे असतात. एकाच काळाचे असूनही जुन्या जातीचे बरेच मंद. दोन्हींना एकच पट्टी लावली गेली होती. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडे यांनी हे जाहीर केलं, आणि आकाशगंगेबाहेरची सगळी अंतरं दुप्पट झाली. विश्वाचं वयही त्याच प्रमाणात वाढलं. आज देवयानीचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरलं जातं.

काही कोटी प्रकाशवर्षांपलीकडे सेफीडही दिसेनासे होतात. तिथे शर्मिष्ठेतल्या १५७२ च्या ताऱ्याची जात कामाला येते. टायको ब्राहे यांनी त्या ताऱ्याच्या नोंदी ठेवल्या, आणि २००८ मध्ये आसपासच्या धुळीवरून परावर्तित होऊन आता पोचलेल्या त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन त्याची जात पक्की झाली. हे अतिनवतारे म्हणजे श्वेत बटूंचे, इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या आकसलेल्या गाभ्यांचे, स्फोट. श्वेत बटू सूर्याच्या साधारण १.४ पट वजनापलीकडे टिकू शकत नाही, ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढली. १९३० मध्ये ते शिकायला बोटीने इंग्लंडला निघाले होते, त्या प्रवासात त्यांनी या गणिताला हात घातला. अशा स्फोटांचं तेज बरंचसं सारखं असतं, आणि ते नेमकं किती हे ठरवायला जवळच्या दीर्घिकांमधले सेफीडच लागतात. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून दाखवलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेतं आहे. २०११ चं नोबेल त्या कामाला मिळालं.

आजचा सर्वांत कडक वादही याच पट्टीवर चालू आहे. सेफीड आणि अतिनवतारे वापरले की प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला, म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ७३ किलोमीटरच्या आसपास येतो. विश्वाच्या बालपणातल्या प्रारणावरून केलेलं गणित ६७ च्या आसपास आकडा देतं. जेम्स वेब दुर्बिणीने हेच सेफीड पुन्हा अधिक स्पष्ट पाहिले तरी हा फरक मिटलेला नाही. आपल्या भौतिकशास्त्रात काहीतरी उणं आहे, की बाडे यांच्या वेळेसारखी एखादी बारीक चूक पट्टीत अजून दडलेली आहे? मला दुसरी शक्यता सहजी सोडून द्यावीशी वाटत नाही. पहिली खरी निघाली तर मात्र ती या शतकातली मोठी घटना ठरेल.

एवढ्या मोठ्या गोष्टींत आपल्यासारख्यांना जागा आहे का? आहे, आणि ती शंभर वर्षांपासून आहे. १९११ मध्ये अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना सुरू झाली. तिच्याकडे आज जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या पाच कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्यात अविभाजित बंगालमधल्या जेसोर इथल्या राधागोविंद चंद्र यांच्या सदतीस हजारांहून जास्त नोंदी आहेत. ते सरकारी खजिन्यात नोकरीला होते. त्यांचं काम पाहून संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले, आणि ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडून तमिळनाडूतल्या कावळूरच्या वेधशाळेत गेली.

२०१९ च्या अखेरीस आर्द्रा नक्षत्राचा तांबडा तारा, काक्षी, मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत नेहमीच्या जेमतेम एक तृतीयांश तेजावर आला. तो आता फुटणार, अशा बातम्या सगळीकडे झाल्या. पुढे कळलं की ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ बनली आणि तिने त्याचा बराच भाग झाकला. असे तेजस्वी तारे मोठ्या दुर्बिणींना झेपत नाहीत. चिलीतली नवी रुबिन वेधशाळा दक्षिणेचं आकाश काही रात्रींत पुन्हा पुन्हा टिपते, पण उघड्या डोळ्यांना दिसणारे तारे तिच्या कॅमेऱ्याला इतके प्रखर पडतात की त्यांचं माप घेता येत नाही. ते काम डोळ्यांनी आणि साध्या कॅमेऱ्यांनी पाहणाऱ्यांकडेच उरतं.

सुरुवात करायची तर वृषपर्व्याच्या डेल्टानेच करावी. शहराच्या दिव्यांत तो हरवतो, पण गावाकडच्या अंगणातून किंवा घाटमाथ्यावरून सहज दिसतो; ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने उत्तम. त्याच्या अगदी शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत, तिघांचा मिळून छोटा त्रिकोण होतो. झीटाची प्रत ३.४, एप्सिलॉनची ४.२. डेल्टा ऐन तेजात झीटाच्या जवळ पोचतो आणि मंद असताना एप्सिलॉनपेक्षाही किंचित उतरतो. रोज रात्री त्याला या दोघांच्या मध्ये कुठे बसवायचं ते ठरवावं आणि तारीख, वेळ, प्रत एवढंच लिहावं. कालचा आकडा आधी पाहू नये, नाहीतर डोळा अपेक्षेप्रमाणे पाहतो. महिना-दीड महिन्याच्या नोंदी झाल्या की सगळ्या तारखांमधून ५ दिवस ८ तास ४८ मिनिटांचे पूर्ण फेरे वजा करून उरलेल्या काळाप्रमाणे ठिपके आलेखावर मांडावेत. झटकन चढणारी आणि सावकाश उतरणारी रेषा कागदावर उमटते. ज्यांच्या घरून उत्तरेची बाजू झाकलेली आहे त्यांनी गरुडातला ईटा निवडावा. तो श्रवणाच्या दक्षिणेला आहे, जून ते नोव्हेंबर संध्याकाळी दिसतो, ७ दिवस ४ तासांत फेरा पुरा करतो, आणि ताडून पाहायला ३.७ प्रतीचा गरुडातलाच बीटा तारा जवळ आहे.